नाकारलेला आवाज : माप आणि न्याय

मराठीतील 'प्रमाण' हा शब्द मोठा अर्थसंपन्न आहे. दर्शनशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. व्यापारात प्रमाण म्हणजे माप. व्याकरणात प्रमाण म्हणजे शिष्टांनी मान्य केलेले रूप. आणि स्वयंपाकघरात प्रमाण म्हणजे किती तांदळाला किती पाणी याचा अदमास. एकच शब्द चार ठिकाणी वावरतो, म्हणून एका ठिकाणचा अधिकार तो नकळत दुसऱ्या ठिकाणी घेऊन जातो. मापाचा निर्णय हा जणू सत्याचाच निर्णय आहे, आणि शिष्टमान्य रूप हे जणू मोजून सिद्ध झाले आहे, असे आपल्याला वाटू लागते. या सरमिसळीतून माणसांवर अन्याय कसा होऊ शकतो, याचा विचार आम्ही येथे एका नव्या व्यवसायाच्या निमित्ताने करणार आहोत.

हा व्यवसाय म्हणजे घरबसल्या आवाज देण्याचा. जाहिरातीचे निवेदन, माहितीपटाचे कथन, शाळेच्या धड्यांचे वाचन, संपूर्ण कादंबरीचे ध्वनिपुस्तक, किंवा यंत्राला मराठी समजावी म्हणून वाचून दिलेली सुटी सुटी वाक्ये, अशी कामे आज मोबाइल आणि संगणकाद्वारे गावोगाव पोहोचली आहेत. काम देणारा मुंबईत, पुण्यात वा परदेशात असतो. काम करणारा कोठेही असू शकतो. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीलगत वसलेल्या रेडीसारख्या गावातही तो असू शकतो. येथील तरुणांना नोकरीसाठी गोव्याची सीमा ओलांडण्याची किंवा मुंबईची वाट धरण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. अशा ठिकाणी आई-वडिलांजवळ राहून, केवळ स्वतःच्या वाणीच्या बळावर चार पैसे मिळवता यावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र या व्यवसायाचा एक कठोर नियम आहे. येथे वेतन वेळेचे नसते, स्वीकृत कामाचे असते. ध्वनिमुद्रण पाठवले, तपासणाऱ्याने ते नाकारले, तर पैसे नाहीत. आमच्या परिसरातील एका तरुणीने एका संस्थेसाठी सहा आठवडे खपून एका पुस्तकाचे वाचन पूर्ण केले. उत्तरादाखल तिला एकच ओळ मिळाली : ध्वनीचा दर्जा अपुरा असल्याने काम स्वीकारता येत नाही. नेमके काय अपुरे, किती अपुरे, कोठे अपुरे, याविषयी अवाक्षर नव्हते. तिने आम्हांला विचारलेला प्रश्न साधा होता : "फादर, यांनी माझा आवाज नाकारला की माझं घर?" या प्रश्नाचे उत्तर सहानुभूतीच्या दोन शब्दांनी देता येत नाही. त्यासाठी त्या दर्जाचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे लागते.

ध्वनीचा दर्जा डेसिबल या एककात मोजतात. ध्वनिपुस्तकांच्या क्षेत्रात एसीएक्स या अमेरिकन व्यवस्थेचे निकष पुष्कळ ठिकाणी आदर्श मानले जातात. त्यांनुसार वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल यांच्या दरम्यान असावी, सर्वांत उंच शिखर उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि वाचक थांबलेला असताना मागे जो काही आवाज उरतो तो उणे ६० डेसिबलहून अधिक नसावा. हे आकडे सामान्य वाचकाला गूढ वाटतील. पण ते सोपे करून सांगता येतात. मुद्रणयंत्राची कमाल मर्यादा १००० मानली, तर बोलण्याची सरासरी साधारण ७१ ते १२६ च्या दरम्यान राहिली पाहिजे, मोठ्यात मोठा उच्चार ७०८ च्या पुढे जाता कामा नये, आणि मौन १ च्या आत राहिले पाहिजे. मौनाचे माप इतके सूक्ष्म आहे की पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, शेजारच्या अंगणातला कोंबडा, यांपैकी एकही त्या मापातून निसटत नाही.

त्यातच एक नवल आहे. हे निकष पूर्ण शून्यही मागत नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी आणि अखेरीस खोलीच्या स्वाभाविक शांततेचा थोडा अवकाश ठेवावा, असा दंडक आहे. यंत्राच्या साहाय्याने मागचा आवाज समूळ खरवडून काढला, तर दोन वाक्यांमधली जागा विहिरीसारखी पोकळ वाटते आणि ऐकणाऱ्याचा कान दचकतो. म्हणजे श्रोत्याला माणसाचा सहवास हवा असतो, पण त्या सहवासात व्यत्यय नको असतो.

या दर्जाच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रथम निःसंकोचपणे बोलले पाहिजे. कोणतेही माप हे मुळात दुर्बळाचे संरक्षण असते. १९५६ साली भारतात वजने-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी एका बाजारातला शेर दुसऱ्या बाजारातल्या शेराशी जुळेलच असे नव्हते, आणि त्या तफावतीचा लाभ सामान्यतः गिऱ्हाइकाला होत नसे. आजही आमच्या किनाऱ्यावर मासळी वाट्याने विकली जाते. वाटा डोळ्यांनी जोखायचा असतो. जो जाणता त्याला तो बरोबर मिळतो, जो नवखा त्याला मिळेल तो घ्यावा लागतो. काट्याला मात्र जाणता आणि नवखा हा भेद ठाऊक नसतो. ध्वनीच्या मापाचेही तसेच आहे. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला वाचकाची जात, धर्म, आडनाव वा ओळखपाळख कळत नाही. वशिल्याने ज्यांची कामे होत नाहीत, त्यांना अशा निर्विकार मापाचे मोल अधिक कळते.

दुसरी गोष्ट श्रोत्याची. ध्वनिपुस्तक ऐकणारा मनुष्य काही वेळा आठ-आठ, दहा-दहा तास तो आवाज कानाशी धरून असतो. ज्यांना दृष्टी नाही, त्यांच्यासाठी तर हे पुस्तक हेच पुस्तक असते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेसारख्या संस्थांनी बोलक्या पुस्तकांचे काम दीर्घकाळ केले आहे. अंध व अन्य वाचनबाधित व्यक्तींना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत, यासाठी २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला संमती देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला, २०१४ साली. डोळस वाचकाला फाटके पान चालत नाही. मग अंध वाचकाने घरघरणारे पान का चालवून घ्यावे? श्रोत्याला स्वच्छ वाचन मिळण्याचा हक्क आहे, आणि दर्जा हा त्या हक्काचा रखवालदार आहे. त्यामुळे 'गरिबाचे काम आहे, जरा सांभाळून घ्या' ही विनवणी आम्हांला पुरेशी वाटत नाही. ती करताना आपण श्रोत्याच्या वतीने परस्पर उदार होत असतो.

येथवर मापाचा पक्ष बळकट आहे. परंतु ते माप नेमके कशाचे आहे, हे विचारले की अडचण सुरू होते. मौनाची पातळी ही वाचकाच्या कौशल्याची मोजणी नसून त्याच्या निवाऱ्याची मोजणी आहे. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मंगलोरी कौलांवर किंवा पत्र्यावर कोसळणाऱ्या त्या पावसाखाली उणे ६० डेसिबल ही अशक्यप्राय गोष्ट आहे. पाऊस थांबला तरी खवळलेल्या समुद्राची गाज थांबत नाही. ती थांबली तर बेडूक आणि रातकिडे आहेत. उन्हाळ्यात खिडकी बंद करावी तर जीव गुदमरतो, उघडावी तर रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात. रेडीचा समुद्र, खाण आणि बंदर यांवर गावाने पोट भरले. पण त्यांपैकी एकही ध्वनिमुद्रणाला अनुकूल नाही. त्या तरुणीने गोधड्या टांगून कोपरा केला होता, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचले होते, पहाटे दोन ते चार या वेळात काम केले होते. मुंबईच्या बंदिस्त, वातानुकूलित, भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत बसलेला वाचक यांपैकी काहीही न करता त्याच मापात सहज उतरतो. माप दोघांना सारखे आहे, परंतु ते गाठण्यासाठी मोजावे लागणारे मोल सारखे नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती शिशाची असे. दगड जसा असेल तशी ती वाकत असे. कायदा सर्वसाधारण असतो आणि जीवन विशिष्ट असते, म्हणून न्यायाला कधी कधी अशा वाकणाऱ्या पट्टीची गरज पडते, असे त्याचे म्हणणे. हा दाखला येथे लावण्याचा मोह होतो. पण जरा थांबून विचार केला पाहिजे. पट्टी वाकवली म्हणजे श्रोत्याच्या कानावर पडणारा पाऊस कमी होत नाही. भिंत उभी राहिली पाहिजे, हा हेतू त्या लवचिक पट्टीमागेही आहेच. मग अन्याय आहे तरी कोठे?

सेमिनरीत आम्ही ज्यांचा अभ्यास केला त्या संत थॉमस अक्विनस यांनी ॲरिस्टॉटलच्या मार्गानेच न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत, आणि आमच्या मते ही गाठ तेथेच सुटते. एक न्याय व्यक्तीव्यक्तींमधील देवघेवीचा : जे घेतले त्याचे यथोचित मोल द्यावे. दुसरा न्याय समाजाने आपल्या घटकांना द्यावयाच्या वाट्याचा : सामाईक साधने, सोयी आणि ओझी यांची योग्य वाटणी व्हावी. ध्वनिपुस्तक विकत घेणाऱ्या संस्थेचे त्या तरुणीशी असलेले नाते पहिल्या प्रकारचे आहे. ठरलेल्या दर्जाचे काम मिळाले नाही म्हणून तिने ते परत केले, एवढ्यावरून तिने अन्याय केला असे म्हणता येत नाही. एकीला स्पंजाची खोली आणि दुसरीला पत्र्याचे छप्पर, ही विषमता त्या संस्थेने निर्माण केलेली नाही. तो प्रश्न दुसऱ्या न्यायाचा आहे, आणि त्याचे उत्तर तुम्हां-आम्हांला, म्हणजे गावाला, ग्रामपंचायतीला, शाळांना, वाचनालयांना द्यावे लागेल. याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. परंतु नकार देण्याचा अधिकार मान्य केल्यावर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : तो अधिकार कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या रीतीने वापरावा?

कारणांचा विचार करताना दोन प्रकारचे नकार काटेकोरपणे वेगळे ठेवले पाहिजेत. पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा, प-फ उच्चारताना मायक्रोफोनवर आदळणारी हवा, फाटलेला आवाज हे दोष मोजता येतात, दाखवता येतात, सुधारता येतात. पण 'उच्चार ग्रामीण वाटतो', 'हेल आहे', 'भाषा शुद्ध वाटत नाही' हे शेरे मोजणीतून आलेले नसतात. ते रुचीतून आलेले असतात. दोन्ही मात्र 'दर्जा' या एकाच शब्दाच्या पोटात घातले जातात. आरंभी आम्ही ज्या सरमिसळीचा उल्लेख केला ती हीच. व्याकरणातले प्रमाण मापाचा पोशाख घालून येते, आणि मालवणी वळणाचे अनुनासिक हे जणू पंख्याच्या घरघरीसारखेच दूर करण्याजोगे काही आहे असे ठरते.

उच्चारावरून माणूस पारखण्याची जुनी आणि भयंकर कथा बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यार्देनच्या उतारावर गिलादी सैनिक येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावीत. एफ्राईमच्या लोकांना 'श' चा उच्चार साधत नसे; ते 'सिब्बोलेथ' म्हणत, आणि तेथेच त्यांचा वध होई. त्या प्रसंगी ४२,००० माणसे मारली गेली असे तेथे नमूद आहे. त्या शब्दाचा अर्थ काय, याच्याशी परीक्षकांना कर्तव्य नव्हते. त्यांना शब्द ऐकायचा नव्हता, केवळ 'कुठला' हे ओळखायचे होते. आज उताऱ्यावर तलवार नाही. परंतु वाचन ऐकताना वाचक कुठला हे आधी ओळखायचे आणि मग दर्जा ठरवायचा, ही वृत्ती संपली आहे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

रुचीला दर्जा समजण्याची चूक मोठमोठ्या संस्थांकडूनही घडलेली आहे. हार्मोनियमच्या ठरीव स्वरांतून भारतीय संगीतातील मींड आणि श्रुती निघत नाहीत, या कारणावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर त्या वाद्याला बंदी करण्यात आली आणि ती १९७१ पर्यंत चालली. आक्षेपात सांगीतिक तथ्य होते, हे मान्य. पण ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक होऊन गेले, तेथे पेटी हा केवळ दोष कसा मानावा? पुढे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत दृढ केली. त्या पद्धतीने शास्त्रीय संगीताला राजाश्रयानंतरचा नवा आश्रय मिळाला, हे तिचे श्रेय आहे. त्याच काळात चित्रपटगीते मात्र दर्जाहीन मानून कमी करण्यात आली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेरीस १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. श्रेणी देण्याची व्यवस्था उपयुक्त होती. तिने कोणत्या गोष्टीला श्रेणी द्यावी हे ठरवण्यात घोटाळा झाला.

मालवणीपुरते बोलायचे, तर गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. ज्या बोलीला 'घरात बोलायची' म्हणून संकोचाने झाकले जात होते, तिच्यासाठी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली. याचा अर्थ कोणत्याही मजकुराचे वाचन मालवणी हेलात करावे असा नव्हे. शासकीय सूचना, वैद्यकीय माहिती, विज्ञानाचा धडा यांना प्रमाण मराठीच योग्य, कारण ती सर्वांना समजते. पण तसे हवे असेल तर तसे आधी सांगावे. 'उच्चार आम्हांला अपेक्षित वळणाचा नाही' असे स्पष्ट म्हणावे. 'दर्जा अपुरा' म्हणू नये. पहिल्या वाक्याने काम नाकारले जाते, दुसऱ्याने माणूस उणा ठरतो.

दर्जा हा हेतूशी बांधलेला असतो, स्वयंभू नसतो, हे दाखवणारा याच व्यवसायातला एक पुरावा आहे. २०१७ साली मोझिला संस्थेने कॉमन व्हॉइस हा उपक्रम सुरू केला. त्यात आज मराठीचाही समावेश आहे. यंत्राला माणसांची बोली समजावी म्हणून स्वयंसेवक वाक्ये वाचून देतात आणि इतर स्वयंसेवक ती ऐकून स्वीकारतात वा नाकारतात. तेथे मागे थोडा गोंगाट असला तरी शब्द स्वच्छ कळत असतील तर मुद्रण स्वीकारले जाते, आणि निरनिराळे हेल तर हवेच असतात. कारण यंत्राला उद्या खऱ्या घरांत, खऱ्या बाजारांत माणसांचे बोलणे ऐकायचे आहे. म्हणजे रेडीचा जो पाऊस ध्वनिपुस्तकात दोष ठरतो, तोच येथे बाधत नाही. आवाज तोच, छप्पर तेच. बदलला तो हेतू.

याहून बोलका दाखला २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीचे ध्वनिमुद्रण तीन गटांकडून करून घेतले : ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाची माणसे, शहरातील अल्प उत्पन्नाची माणसे आणि विद्यापीठीय विद्यार्थी. एकूण ३६ जणांनी १०९ तासांचे मुद्रण दिले. गरीब सहभागींनी दिलेल्या मुद्रणाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या मुद्रणाच्या तोडीचा आढळला. अशी कामे एरवी बहुधा विद्यार्थ्यांनाच मिळत असतात. गरिबाकडून दर्जेदार काम होणार नाही, हे गृहीतक न तपासताच किती वर्षे चालत आले असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आता नकाराच्या रीतीविषयी. आमच्या मते न्याय्य नकाराच्या चार अटी आहेत. पहिली, निकष काम सुरू होण्यापूर्वी कळले पाहिजेत, तेही कामकऱ्याला समजेल अशा भाषेत. दुसरी, पहिल्या काही मिनिटांचा नमुना तपासून मग पुढचे काम करावयास सांगावे. सहा आठवडे खपल्यावर पहिल्याच पानातला दोष दाखवणे हे निष्काळजीपणाचे आहे. तिसरी, नकाराचे कारण सांगितले पाहिजे आणि जे सुधारण्याजोगे आहे ते सुधारण्याची संधी दिली पाहिजे. कारण न देता केलेला नकार माणसाला काहीच शिकवत नाही, केवळ खचवतो. चौथी अट सर्वांत महत्त्वाची : नाकारलेले काम वापरू नये.

या चौथ्या अटीला आपल्या कायद्यातही आधारभूत विचार सापडतो. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या ४२ व्या कलमानुसार, मिळालेल्या मालाबाबत विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत असे कृत्य घेणाऱ्याने केले, किंवा वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर त्याने माल स्वीकारला असे मानले जाते. १८७२ च्या करार अधिनियमाचे ७० वे कलम सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. ध्वनिमुद्रण हा 'माल' आहे की नाही, याची चर्चा वकिलांनी करावी. त्यामागचे नैतिक तत्त्व मात्र बाजारात मासळी घेणाऱ्या कोणत्याही बाईला समजेल : वाटा शिळा म्हणून नाकारायचा, आणि मग तोच पिशवीत टाकून चालते व्हायचे, हे चालणार नाही. नाकारलेला आवाज यंत्राच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवला, त्याच्यावरून कृत्रिम आवाज घडवला, तर तो नकार उरत नाही, ती उचल ठरते. आवाजाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. मासळी कोळणीच्या देहाचा भाग नसते. आवाज हा माणसाच्या श्वासातून निघतो आणि त्याची ओळख वाहतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाने संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. वाचनासाठी दिलेली संमती ही अनुकरणासाठी दिलेली संमती नव्हे.

श्रमाच्या न्याय्य मोबदल्याविषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मांडलेला विचार येथे लागू पडतो. गरजेपोटी कामगाराने कमी मोबदल्याला होकार दिला, एवढ्यावरून तो मोबदला न्याय्य ठरत नाही, हा त्याचा गाभा. त्या वेळी डोळ्यांसमोर कारखान्यातला मजूर होता. आज कारखाना घरात आला आहे, मुकादम अदृश्य झाला आहे, आणि भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच अशा कामकऱ्यांची व्याख्या केली आहे. व्याख्या ही सुरुवात आहे. 'अट मान्य आहे' या चौकटीवर बोट टेकवणारी गरजू मुलगी आणि ती चौकट तयार करणारी संस्था यांचे बळ समान नाही, हे विसरून चालणार नाही.

वाचकाच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. यंत्राने आवाज खरवडून, दोष झाकून, दुसऱ्याच्या मुद्रणाचे तुकडे जोडून माप पुरे करणे म्हणजे काट्याखाली बोट लावणेच होय. जे मजकुरात आहे ते वाचावे, जे कळले नाही ते विचारावे. 'च' आणि 'ज' यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, ते शब्दागणिक तपासून घ्यावेत. आपल्या बोलीचा अभिमान हा आळसाचा आडोसा होऊ नये. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्हांला आमच्या तरुणांना आवर्जून सांगाविशी वाटते : नाकारले गेले ते मुद्रण. ज्या आवाजाने तुम्ही आजारी आजीला धीर दिला, लहान भावाला गोष्ट सांगितली, त्याची परीक्षा त्या तपासनिसाने घेतलेली नाही, आणि त्याच्या मापात ती घेण्याचे सामर्थ्यही नाही.

त्या तरुणीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तिच्या कामातला जो दोष मोजता येण्याजोगा होता तो घराचा होता, आवाजाचा नव्हता. तो दोष दाखवून न देणे हा संस्थेचा अपराध. आणि तो दोष दूर करण्याची सोय नसणे हा आपल्या सर्वांचा. गावात क्रिकेटचे मैदान सामाईक असते, स्मशान सामाईक असते, विहीरही एके काळी सामाईक होती. मग एक शांत खोली सामाईक का नसावी? त्यासाठी राजवाडा लागत नाही. शाळेची, वाचनालयाची वा चर्चच्या आवारातली एखादी आतली खोली, जाड चिऱ्यांच्या भिंती, वर पक्का स्लॅब, दाराला रबरी पट्टी, भिंतींवर जुन्या गाद्या, एक बरा मायक्रोफोन आणि कोणाची पाळी कधी हे लिहिण्याची वही एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही वाडीतल्या मुलामुलींनी तेथे येऊन वाचावे. अंध श्रोत्यांसाठी त्या खोलीतून एखादे पुस्तक विनामूल्यही वाचले जाईल.

माप कठोर असावे, यावर आमची हरकत नाही; कठोर मापाखाली उभे राहण्यासाठी लागणारी जमीन मात्र सर्वांना मिळाली पाहिजे. संस्थांनी कारणे द्यावीत, कायद्याने संमतीचे रक्षण करावे, आणि गावाने आपल्या मुलांसाठी चार भिंतींची शांतता उभी करावी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या हाती नाहीत, तिसरी आहे. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ती करता येईल.